घरच्या शेडमध्ये पद्मिनीचं इंजिन भरायचं असेल तर

नागपुरात जुन्या फियाट अजून दिसतात. कुठे धरमपेठेतल्या बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली, कुठे महालात वाड्याच्या दारात, चारही टायर बसलेल्या. घरातल्या कुणीतरी कधीतरी म्हटलेलं असतं, "विकायची नाही, बाबांची आठवण आहे." मग एक दिवस घरातलाच कुणी हौशी माणूस बॉनेट उघडून बघतो आणि ठरवतो, इंजिन मीच करणार. हा लेख त्या माणसासाठी आहे.

मी आजवर दोन इंजिनं घरी भरली, म्हणजे पूर्ण खोलून, झिजलेलं दुरुस्त करून पुन्हा जोडली. पहिलं बिघडवलं, दुसरं चालतंय. दोन्ही फियाटचीच होती, त्यातलं दुसरं मामांच्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीचं. दोन्हींमध्ये हत्यारं तीच, शेड तीच, हातही तेच. पहिल्या वेळी मी नट आवळत गेलो, दुसऱ्या वेळी मोजत गेलो, एवढाच काय तो फरक. इंजिन खोलायला दोन दिवस लागतात, भरायला तीन. मधले तीन-चार महिने धुण्या-मोजण्याचे आणि वाट बघण्याचे असतात, आणि इंजिन किती वर्षं चालणार ते त्या महिन्यांतच ठरतं.

हेच इंजिन का

शिकायला यापेक्षा सोपं इंजिन मिळणं कठीण. फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि नाव बदलत बदलत पद्मिनी झाली. आत मात्र तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन राहिलं. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ६८ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड (वरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड आणि रॉकर. क्रँक (पिस्टनच्या धावेनं फिरणारा मुख्य दांडा) तीन मेन बेअरिंगांवर फिरते. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांनी दिसतं किंवा मायक्रोमीटरला सापडतं.

सुटे भागही अजून मिळतात, आणि त्याचं बरंचसं श्रेय मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना. तिथली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तोवर हजारो इंजिनांना पिस्टन-बेअरिंग लागत होती, म्हणून माल बनत राहिला. आता तो हळूहळू आटतोय. तेव्हा इंजिन खोलायच्या आधी पिस्टन सेट, मेन आणि बिग एंड (पिस्टनच्या रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) बेअरिंग, पॅकिंग सेट आणि टायमिंग चेन कुठे मिळेल याची फोनवर चौकशी करून ठेवा. काय आणि कोणत्या साईझमध्ये मिळतंय, ते वहीत लिहा. ही वही पुढे फार लागणार आहे.

मुहूर्त आणि जागा

दिवाळी झाली की सुरू करा. नागपूरचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामासाठीच बनलेत असं वाटावं, इतके ते सोयीचे. पावसाळ्यात उघड्या बिडावर एका रात्रीत गंज धरतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, पेट्रोलच्या वाफा हवेत तरंगतात आणि माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

उन्हाळ्यात शेडमध्ये कूलर लावायचा मोह होतो. तो टाळा. पहिल्या इंजिनाच्या वेळी सिलिंडर नुकतेच आतून घासून (बोअर करून) आणलेला ब्लॉक मी रात्रभर कूलरच्या झोतात ठेवला होता. सकाळी चारही बोअरच्या भिंतींवर संत्र्याच्या सालीच्या रंगाची झाक आलेली. कूलरची हवा म्हणजे पाण्यातून आलेली हवा, आणि ताजं घासलेलं बीड तिच्यापुढे पापडासारखं मऊ पडतं.

जागा एका गाडीची असली तरी पुरते, फक्त बाजूला एक भक्कम टेबल बसायला हवं. इंजिन उचलायला चेनब्लॉक भाड्यानं मिळतो. पण तो टांगायला शेडचा पत्र्याखालचा अँगल वापरू नका, जाड पाइपची तिपाई करून घ्या किंवा इंजिन क्रेन आणा. गाडीखाली शिरायचं तर घोड्या (लोखंडी आधार) लावूनच. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

हत्याराबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पाने, गोटी पाने, पक्कड, पुलर हे इतवारीच्या लोहा ओळीत फिरून साधे घेतले तरी चालतात, हवं तर शेजाऱ्याकडून मागून आणा. मापाच्या हत्यारात मात्र कंजुषी करू नका. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायला), फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), ५० ते ७५ मिमीचा मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेज (सिलिंडर आतून मोजायला). शेवटची दोन महाग वाटली तर लेथवाल्याकडे बसून त्याची वापरा, पण मापं स्वतः घ्या.

उघडण्याआधी विचारा

इंजिन बोलतं, म्हणून आधी त्याचं ऐकून घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त येतंय, बहुधा कार्ब्युरेटरची भानगड. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेडचं पॅकिंग गेलंय किंवा हेडला तडा आहे. खालून जड ठोका, जो रेस दिल्यावर वाढतो, तो बेअरिंगचा.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावून स्टार्टर मारा. चार आकडे लिहा. एकमेकांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड पॅकिंग बघा. ही अर्ध्या तासाची कामगिरी करून बघितली तर कधी कधी कळतं की नुसतं हेड उतरवून भागणार आहे. गॅरेजवाले यालाच हाफ इंजिन आणि फुल इंजिन म्हणतात. हाफमध्ये भागत असेल तर फुल करायच्या हौसेला आवर घाला.

गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर मात्र थेट स्टार्टर मारू नका. प्लगच्या भोकांतून ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग क्रँक हातानं हलवून बघा. अडकलेल्या रिंगा जोरानं ओढल्या तर बोअर खरवडून निघतो.

बाहेर काढणं आणि खोलणं

बॅटरी सोडा, पेट्रोल काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून शेडच्या बाहेर ठेवा, पाणी आणि ऑइल काढा. बॉनेट, रेडिएटर, कार्ब्युरेटर, डायनमो, स्टार्टर, सायलेन्सरचा पाइप, वायरी, केबली. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा, कारण "हे तर आठवेलच" असं ज्याला वाटतं त्याला तीन महिन्यांनी काहीच आठवत नाही. फोनवर फोटो काढा. एकाच गोष्टीचे तीन बाजूंनी काढा.

डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि रोटर कुठे तोंड करून आहे त्याची खूण डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर करा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

हेड थंड असतानाच उतरवायचं. नट मॅन्युअलमधल्या क्रमाच्या उलट्या क्रमानं, एकेक पाव फेरा सैल करत जायचं, एका दमात कुठलाही पूर्ण सोडायचा नाही. गरम अ‍ॅल्युमिनियम वाकडं व्हायला वेळ लागत नाही. चिकटलेलं हेड स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. एकदा चरा पडला की पॅकिंग तिथूनच फुटतं. रबरी हातोडीनं बाजूनं ठोका, नाही निघालं तर प्लग परत लावून क्रँक फिरवा. आतल्या हवेच्या दाबानंच बऱ्याचदा सुटतं.

आता पुठ्ठ्याचे खोके. हंगामात कळमन्याच्या बाजारातून संत्र्याचे रिकामे खोके कुणीही देतो. एका खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडा आणि १ ते ८ आकडे घाला. व्हॉल्व्ह, पुशरॉड, टॅपेट ज्या जागेचे त्याच भोकात. टॅपेट आणि कॅमचे लोब (उंचवटे) एकमेकांना घासून जुळलेले असतात, त्यांची अदलाबदल केली तर दोघंही लवकर झिजतात. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी तर कधीच फोडू नका. सिलिंडरचा आकडा दोघांवर कोरलेला आहे का बघा, नसेल तर ठोकून घ्या, आणि तोंड कुठल्या बाजूला होतं त्याचीही नोंद ठेवा. मेन बेअरिंगच्या कॅपांचंही तेच. कॅप जागेवर बसवूनच कारखान्यात त्यांचं भोक घासलेलं असतं, म्हणून दुसऱ्या जागी बसवली की ती गोल राहत नाही.

पिस्टन वरून काढण्यापूर्वी बोअरच्या तोंडाशी बोट फिरवा. जिथवर वरची रिंग जाते तिथे एक काठ लागतो. ती झिजेची पायरी. मोठी असेल तर आधी ती घासून घ्या, नाहीतर रिंगा तिथे अडकून तुटतात.

मोजणं

इथे घाई झाली की पुढचं सगळं फुकट.

प्रत्येक बोअर तीन उंचींवर मोजायचा: झिजेच्या पायरीच्या जरा खाली, मध्यावर आणि तळाशी. प्रत्येक उंचीला दोन दिशा, एक क्रँकच्या रेषेत, एक तिला आडवी. सिलिंडरमागे सहा, म्हणजे एकूण चोवीस आकडे. सगळ्यात जास्त झीज बहुतेक वेळा वर आणि आडव्या दिशेला सापडते, कारण स्फोटाच्या दाबानं पिस्टन त्याच भिंतीवर रेलतो. मामांच्या गाडीचा तिसरा बोअर वर आणि खाली यांत ०.१८ मिमीनं वेगळा निघाला. डोक्यावरचा एक केस साधारण ०.०७ मिमीचा, म्हणजे अडीच केसांचा फरक. नुसत्या डोळ्यांना तो बोअर आरशासारखा दिसत होता.

आता नागपूरची गंमत सांगतो. तापमान बदललं की धातूही बदलतो. ६८ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन २५ अंशांवर आणि ४५ अंशांवर मोजला तर आकड्यात ०.०२ ते ०.०३ मिमीचा फरक येतो. बिडाचा ब्लॉक त्याच्या जवळपास निम्मा वाढतो. पिस्टन आणि भिंत यांच्यात आपण जी फट ठेवणार, तीच मुळात शतांशांत असते. तेव्हा एसीच्या खोलीतून मायक्रोमीटर आणून उन्हात तापलेला पिस्टन मोजला तर मिळालेला आकडा कशाचाच नसतो. ब्लॉक, पिस्टन, क्रँक, मायक्रोमीटर हे सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी सहाला मोजायला बसा. चहा नंतर. गरम पेला धरलेल्या हातांनी मायक्रोमीटर धरू नये.

क्रँकचे जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) असेच दोन दिशांनी मोजा, गोल आहेत की अंडाकृती ते कळेल. नखानं ओरखडा लागत असेल तर ग्राइंडिंग आलंच. बेअरिंग दहा, वीस, तीस अशा साईझमध्ये येतात. दहा म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी दहा, ०.२५ मिमी. क्रँक तितकी घासायची आणि तितकं जाड बेअरिंग घालायचं. आधीच कुणी वीसपर्यंत घासलेली असेल तर पुढची साईझ बाजारात मिळते का ते वहीत बघा, मग ठरवा.

हेडचा तळ सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून फिलर गेजनं तपासा. ०.०५ मिमीची पाती कुठे आरपार गेली तर फेसिंग करून घ्या, पण हवं तेवढंच. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोके मारतं. तड्यांसाठी तीन डब्यांचं डाय पेनिट्रंट मिळतं: एक धुवायचं, एक लाल, एक पांढरं. व्हॉल्व्हच्या दोन सीटांच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांच्या) मधली जागा खास बघा. गरम झालेल्या गाडीचा तडा तिथेच लपलेला असतो.

लेथवाल्याकडे काय सांगायचं

"बोअर करून द्या" एवढंच सांगून ब्लॉक ठेवून आलात तर तो त्याच्या अंदाजानं करून देईल. अंदाज चांगलाही असेल, पण इंजिन तुमचं आहे. आधी पिस्टन विकत घ्या, पिस्टनसह ब्लॉक न्या. पिस्टन स्कर्टवर (खालच्या घेरावर) मोजून, बनवणाऱ्यानं सांगितलेली फट वाढवून बोअर ठरवायचा. चारही पिस्टन हुबेहूब सारखे नसतात. म्हणून कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरला ते तिथेच खडूनं लिहा. बोअर ओव्हरसाइझच्या शेवटच्या मापापर्यंत आधीच गेलेला असेल तर स्लीव्ह (आत नवी नळी) टाकून मूळ मापावर आणता येतो. खर्च वाढतो, पण जुना ब्लॉक वाचतो. आणि त्या ब्लॉकवरच इंजिन नंबर असतो. ब्लॉक बदललात तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते, आणि तो प्रवास इंजिन भरण्याहून लांबचा आहे.

माझे लेथवाले काका कमी बोलायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रोज संध्याकाळी हजर. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "काहून घाई करून राहिले, भाऊ? लोखंड आहे, पळून नाही जात." आणि माझ्या वहीतले चोवीस आकडे आपल्या बोअर गेजनं ताडून पाहिले. दोन चुकले होते.

बोअरवर होनिंगची (बारीक दगडानं घासून उमटवलेली) तिरकी जाळी हवी, चकचकीत भिंत नको. त्या जाळीत ऑइल थांबतं आणि रिंगा बसतात. हेडमध्ये व्हॉल्व्ह गाइड ढिले असतील तर बदलून घ्या. सीट खड्डे पडून खोल गेल्या असतील तर कडक धातूच्या बसवा. भारतात शिशाचं पेट्रोल २००० सालीच बंद झालंय आणि जुन्या मऊ सीटांना शिशाचाच आधार असायचा. व्हॉल्व्ह लॅपिंग मात्र घरी करा, बायकोनं किंवा मुलीनंही केलं तरी चालतं, मजा येते. पेस्ट लावा, काठीची रबरी वाटी व्हॉल्व्हला चिकटवा आणि रवीसारखी तळहातांत घुसळा. सीटवर सलग करड्या रंगाचं कडं उमटलं की झालं. मग हेड उलटं ठेवून खोलग्यांत डिझेल ओता. दहा मिनिटांत पोर्टमध्ये थेंब उतरला नाही तर पास.

धुणं, ज्यात मी नापास झालो

पहिल्या इंजिनाची क्रँक घासून आली तेव्हा ती इतकी सुंदर दिसत होती की मी डिझेलनं वरून पुसली, हवेचा फवारा मारला आणि बसवली. तीनशे किलोमीटरवर ठोका आला. उघडलं तर बिग एंडच्या बेअरिंगवर नांगरटीसारख्या सऱ्या. क्रँकच्या आत ऑइल जायची जी तिरकी भोकं असतात, त्यांत ग्राइंडिंगची पूड बसून राहिली होती. पहिल्या ऑइलबरोबर ती सरळ बेअरिंगमध्ये गेली. लेथवाल्या काकांना दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "घासून द्यायचं काम आमचं, भाऊ. नाक शिंकरायचं काम तुमचं."

तेव्हापासून मी नाक शिंकरतो. क्रँकच्या प्रत्येक भोकात बाटली धुवायचा बारीक ब्रश घालायचा, डिझेल सोडायचं, पलीकडून हवा मारायची, पांढऱ्या कापडावर काय पडतं ते बघायचं. मग पुन्हा. ब्लॉकच्या ऑइलच्या वाटांना टोकाला बूच असतात. ते काढूनच आतून साफ करायचं, आणि बूच परत लावल्याची वहीत खूण करायची. एक बूच विसरलात तर ऑइलचं प्रेशर कधीच येणार नाही आणि कारण शोधण्यात आठवडा जाईल.

बोअर मात्र डिझेलनं धुवू नका. होनिंगची पूड तेलात निघत नाही, ती जाळीच्या चरांत आणखी बसते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. घासा, पुसा, पांढऱ्या सुती कापडानं भिंत रगडा. कापड करडं झालं तर पुन्हा धुवा. माझं सातव्या वेळी पांढरं राहिलं. जुनं धोतर या कामाला उत्तम. वाळताच लगेच ऑइलचा हात फिरवा. गंज तिथे चहा होईपर्यंतसुद्धा थांबत नाही.

ब्लॉकच्या पाण्याच्या बाजूकडे सहसा कुणी बघत नाही. कोअर प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या बाजूची बुचं) काढून आत तार फिरवली तर मामांच्या गाडीतून दोन वाट्या तांबडा गाळ निघाला. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी जड, त्याचा खर वर्षानुवर्षं आत साचतो आणि मग लोक म्हणतात, फियाट उन्हाळ्यात तापते. कोअर प्लग नवेच लावा, आणि पुढे डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळूनच भरा.

भरणं

आदल्या संध्याकाळी शेड झाडून पाणी मारा, म्हणजे सकाळी धूळ उडणार नाही. त्या दिवशी शेडमध्ये ग्राइंडर चालवायचा नाही.

बेअरिंगच्या वाट्या बसवताना पाठ कोरडी, तोंडाला ऑइल. ऑइलचं भोक भोकावर आलंय का बघा. फट तपासायला प्लास्टिगेजचा धागा कोरड्या जर्नलवर ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक न फिरवता उघडा. चपटा झालेला धागा पट्टीशी ताडा. ढोबळ हिशेब असा की जर्नलच्या दर इंचाला हजारांश इंच, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला साधारण ०.०५ मिमी. अंतिम शब्द मॅन्युअलचा. टॉर्कचे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच वापरा, शेजाऱ्याच्या गाडीचे ऐकून नव्हे.

मेनची एकेक कॅप आवळली की क्रँक हातानं फिरवा. तिसरी आवळल्यावर अडली तर दोष तिसरीत आहे हे तिथेच कळतं. सगळ्या आवळून मग फिरवली तर शोधत बसा.

रिंगा पिस्टनवर चढवण्यापूर्वी प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घाला, पिस्टन उलटा करून ढकलून सरळ करा आणि तोंडाची फट फिलरनं मोजा. ६८ मिमीच्या बोअरला ०.२० ते ०.३० मिमी ठीक. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. बारीक कानशीनं एका टोकाला एकेक घासणं, लगेच पुन्हा मोजणं. रिंगेवर खूण असलेली बाजू वर. तिन्ही तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका, गोलाकार विखरून ठेवा.

रॉडच्या बोल्टांवर पेट्रोलच्या नळीचे तुकडे चढवा, म्हणजे खाली जाताना क्रँकला ओरखडा पडणार नाही. रिंगांवर कॉम्प्रेसर आवळा, पिस्टनवरचा बाण पुढे, आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकेच थोपटा. मध्येच टणक वाटलं तर थांबा. रिंग बाहेर उसळून ब्लॉकच्या काठावर बसलेली असते, जोर केला की ती गेली. काढा, पुन्हा आवळा.

टायमिंगच्या दोन्ही चाकांच्या खुणा जुळवून चेन चढवा आणि क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून परत बघा. ऑइल पंप उघडून झीज तपासा, आत व्हॅसलीन भरून बसवा, म्हणजे पहिल्या फेऱ्यापासून तो ओढतो. जे बोल्ट आरपार नसलेल्या भोकांत जातात ती भोकं आधी कोरडी करा; आत साचलेल्या ऑइलवर बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. हेडचं पॅकिंग नवं, कोरडं, आणि आवळणं मधून बाहेर, तीन टप्प्यांत.

या कामात जुन्या पेट्रोलच्या नळ्याही बदला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि १९८४ चं रबर त्यात फुगतं, मग चिरतं. गरम सायलेन्सरच्या शेजारी गळणारी नळी म्हणजे काय ते सांगायला नको.

पहिला स्टार्ट

प्लग न लावता स्टार्टर मारा, दहा दहा सेकंदांनी थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. विझला नाही तर पुढे जाऊ नका. मग प्लग लावा. शेडचं दार सताड उघडा, कारण बंद जागेतला धूर माणसाला कळू न देता मारतो. वाळूची बादली किंवा अग्निशामक हाताशी, आणि दुसरा एक माणूस सोबत.

सुरू झाल्यावर आयडलवर सोडू नका. १५०० ते २००० च्या आसपास रेस धरून वीस मिनिटं. कॅम आणि टॅपेटवर ऑइल उडून येतं ते क्रँकच्या वेगामुळे, मंद इंजिनात त्यांना पुरेसं मिळत नाही. साधं मिनरल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ऑइल घाला, सिंथेटिकमध्ये नव्या रिंगा लवकर बसत नाहीत. पहिली पाच मिनिटं धूर येईल, भरताना लावलेलं ऑइल जळतंय. तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. मामा त्या दिवशी खुर्ची टाकून बसले होते, वीस मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हॉर्न वाजतो का बघ."

थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा त्याच क्रमानं टॉर्कला बघा आणि टॅपेट सेट करा.

पहिल्या पाचशे किलोमीटरसाठी सीताबर्डीच्या गर्दीत जाऊ नका. काटोल रोडला सकाळी निघा, वेग सतत बदलत राहा: थोडा जोर, मग पाय उचला. जोरात रिंगा भिंतीवर दाबल्या जातात, पाय उचलला की ऑइल वर ओढलं जाऊन त्या धुतल्या जातात. सेमिनरी हिल्सचा चढ टॉप गिअरमध्ये रडत चढवू नका, गिअर खाली टाका. मी तिसऱ्या रविवारी रामटेकला जाऊन आलो, जाताना साठच्या वर नेली नाही.

पाचशे झाले की ऑइल गरम असतानाच काढा, पांढऱ्या तसराळ्यात. उन्हात तिरकं धरून बघा आणि तळातून चुंबक फिरवा. चुंबकाला करडी, पिठासारखी बारीक साय लागली तर ती रिंगा बसल्याची. बोटांत चोळल्यावर खरखर लागली, किंवा तळाशी चमकणारी पितळी कणी दिसली तर गाडी परत सुरू करू नका, ऑइल पॅन उतरवा आणि बिग एंडच्या कॅपा एकेक करून उघडा.